कानशिलाची शीर सुजते तेव्हा

म्हातारपणी डोके दुखले तर आपण ऊन लागले म्हणतो, बाम चोळतो आणि कामाला लागतो. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु पन्नाशीनंतर, विशेषतः सत्तरीच्या पुढे, एक दुखणे असे आहे की त्यात चार दिवस वाट पाहिली तर डोळा जाऊ शकतो. कानशिलाच्या धमनीचा दाह, असे त्याला म्हणतात. हा रोग उत्तर युरोपात अधिक, आपल्याकडे कमी. म्हणूनच तो चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही.

जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८९० साली एका वृद्धाची हकीकत लिहिली. त्याच्या डोक्यावर लाल रेघा उठून त्या इतक्या दुखत की त्याला टोपी घालवेना. आपल्याकडे फणी फिरवताना, पटका बांधताना, उशीला डोके टेकताना हीच तक्रार ऐकू येईल. दुसरी खूण अधिक बोलकी आहे. भाकरी चावता चावता जबडा भरून येतो आणि चावणे थांबवले की बरे वाटते. लोक उगाच दातांवर संशय घेतात. शिवाय सकाळी खांदे व मांड्या आखडतात, बारीक ताप येतो, वजन उतरते.

पाटाच्या कडा फुगून आत आल्या की पाणी अडते, तसे येथे रक्त अडते. डोळ्याच्या मज्जातंतूला रक्त न मिळाल्यास दृष्टी एकाएकी जाते व सहसा परत येत नाही. उपचार झाले नाहीत तर दुसरा डोळाही थोड्याच दिवसांत जाऊ शकतो. मोतीबिंदू सावकाश वाढतो. हे तसे नव्हे. क्वचित डोक्याची कातडी किंवा जिभेचा भाग काळा पडून मरतो, कोणाला पक्षाघात होतो. काहींची छातीतली महाधमनी काही वर्षांनी फुगते, म्हणून बरे वाटल्यावरही तपासणी सोडू नये.

रक्ताची ई.एस.आर. तपासणी करतात, शिरेचा लहान तुकडाही तपासतात. मात्र संशय दाट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता स्टेरॉईड सुरू करतात. त्याने डोकेदुखी दोनतीन दिवसांत उतरते आणि येथेच आपली माणसे चुकतात. गोळी बंद करतात. ती पुष्कळ महिने, हळूहळू कमी करीत घ्यावी लागते. साखर, रक्तदाब व हाडे यांवर नजर ठेवावी लागते.

आमचे सांगणे एवढेच, की म्हाताऱ्या माणसाला नवी डोकेदुखी लागली आणि क्षणभर अंधारी आली किंवा एकाचे दोन दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेथे नुसते ‘डोके दुखते’ म्हणू नका. चावताना जबडा दुखतो, हेही आठवणीने सांगा.