माळढोकाचा माळ : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

पाठाचा हेतू

परिसर-अभ्यासाच्या तासाला पक्ष्यांची ओळख बहुधा चित्रावरून करून दिली जाते. चित्र दाखवावे, नाव सांगावे, चोच व पिसारा यांचे वर्णन वहीत उतरवून घ्यावे, की पाठ पुरा झाला असे समजण्याचा प्रघात आहे. परंतु पक्षी चित्रात राहत नाही. तो कोणाच्या तरी शेतात, गायरानात किंवा तळ्याकाठी राहतो, आणि त्याच जागेवर माणसांचाही चरितार्थ चालतो. पक्ष्याचे रक्षण करावयाचे तर त्या जागेचे व तेथील माणसांचे काय करावयाचे, हा प्रश्न ओघानेच येतो. तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे प्रामाणिकपणे मांडणे हा या पाठाचा हेतू होय. इयत्ता ६ वी ते ८ वी या वर्गांना तो घेता येईल. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोकाचे उदाहरण येथे घेतले आहे.

पक्ष्याची ओळख

माळढोक उभा राहिला म्हणजे सुमारे एक मीटर उंच भरतो. नराचे वजन १५ किलोपर्यंत असू शकते; मादी त्याहून बरीच लहान असते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांपैकी जगातील अत्यंत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. माथ्यावर काळी टोपी, पांढरट लांब मान, तपकिरी पाठ आणि नराच्या छातीवर काळा पट्टा, या खुणांनी तो ओळखावा. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, भुईमूग व धान्याचे दाणे हे त्याचे खाद्य. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच ते उबविते. एखादे कुत्रे किंवा उतावीळ मनुष्य अंड्याजवळ गेला, तर त्या मादीचा तो हंगाम वाया जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे समोरचे त्याला नीट दिसत नाही. शरीर जड असल्याने ऐन वेळी वळणेही जमत नाही. यास्तव विजेच्या उंच वाहिन्यांवर आदळून अनेक माळढोक मेले आहेत. आज साऱ्या जगात या जातीचे फार तर शंभर-दीडशे पक्षी उरले असावेत, आणि त्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत.

अभयारण्य कसे झाले

सोलापूर-बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या माळावर माळढोक नांदत आहे, ही गोष्ट सोलापूरच्या पक्षिनिरीक्षकांनी १९७०च्या दशकात नोंदींच्या आधारे पुढे आणली. दुर्बीण, वही आणि चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोकाला सर्वांत कडक संरक्षण दिलेले होतेच. पुढे १९७९ साली सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतील मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले.

येथे शिक्षकांनी थांबून नकाशा काढावा. एवढ्या क्षेत्रात केवळ माळ नव्हता. गावे, बाजारपेठा, विहिरी, ज्वारीची शेते व रस्ते असे सर्व काही त्या रेषेच्या आत आले. बहुतेक जमीन खासगी मालकीची होती. वन विभागाच्या ताब्यातील कुरणे त्या मानाने फारच थोडी होती.

वाद कोठे उत्पन्न झाला

अभयारण्याचा उद्देश योग्य होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु जमिनीचे खरेदी-विक्रीचे व्यवहार, बांधकाम, कारखाने, वीज व रस्ते यांवर बंधने आली, आणि ज्या शेतकऱ्याने आपल्या शेतात माळढोक कधी पाहिलाही नव्हता, त्याच्या सात-बाऱ्यावर त्या पक्ष्याची सावली पडली. अडीअडचणीला जमीन विकावी तर व्यवहार अडतो. याचे कारण विचारावे तर पक्ष्याचे नाव पुढे येते. माळढोकाविषयी गावोगावी कटुता वाढली असल्यास त्यात नवल नाही. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांचीही तीच तक्रार होती. वाडवडिलांपासून ज्या कुरणात मेंढरे चारली, तेथे कुंपण पडले. रक्षणामुळे काळवीट वाढले आणि त्यांनी उभी पिके खाल्ली, म्हणून शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यात भर पडली.

दुसऱ्या बाजूने पाहता पक्ष्याचेही भले झाले नाही. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन, अशी सर्वत्र समजूत होती. त्या समजुतीतून काही कुरणांत गिरिपुष्पासारखी झाडे लावण्यात आली. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु ज्या पक्ष्याला दूरवर दृष्टी पोहोचेल अशी उघडी जागा लागते, त्याला झाडी म्हणजे आडोसाच. उजनी धरणाचे पाणी आल्यावर जिल्ह्यात ज्वारी, करडई व भुईमूग यांच्या जागी ऊस वाढला. ज्वारी-भुईमुगाच्या शेतात माळढोकाला दाणा मिळे. उसाच्या फडात त्याला पाऊल टाकण्यासही जागा नाही. परंतु ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यालाही दोष देता येत नाही. कोरडवाहू शेतीत ज्याने दुष्काळ सोसले, तो पाणी मिळाल्यावर नगदी पीक घेणारच.

पुढे पुष्कळ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर, म्हणजे मूळच्या साधारण सातव्या हिश्श्याइतके करण्यात आले. तोवर तीन दशके उलटली होती. नान्नजला जेथे एके काळी पावसाळ्यात डझनावारी माळढोक दिसत, तेथे आता एखादा दिसला तरी त्याची बातमी होते.

तुलना

असाच प्रसंग राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत घडला. तेथे १९८२ साली म्हशींच्या चराईस बंदी करण्यात आली. चराईने पक्ष्यांना बाधा येते, असे त्या वेळी तज्ज्ञांचेही मत होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला व काही माणसे प्राणास मुकली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ पाहणीत असे दिसून आले की, म्हशी पाण्यातील गवत खात असत, त्यामुळे पाणी मोकळे राहत असे. बंदीनंतर गवत माजले व पाणपक्ष्यांची अडचण झाली. गावकऱ्यांचा अनुभव आणि शास्त्रज्ञांची वही यांची गाठ आधी पडली असती, तर कदाचित हा अनर्थ टळला असता.

निष्कर्ष

या दोन उदाहरणांवरून पक्ष्यांचे रक्षण नको, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. तद्वत गावकऱ्यांचे म्हणणे सर्वच बरोबर, असेही नव्हे. त्यांतून घ्यावयाचा बोध एवढाच की, कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात, किती पक्षी व किती गुरे वावरतात याची प्रामाणिक नोंद हाती असल्यावाचून रेषा आखू नये. आणि रेषेच्या आत राहणाऱ्यास विचारल्यावाचून ती पक्की करू नये. अशी नोंद ठेवण्याचे काम गावात राहणाराच उत्तम करू शकतो. शाळा हे त्याचे स्वाभाविक ठिकाण होय.

वर्गात व माळावर

शिक्षकांनी महिन्यातून एकदा, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, विद्यार्थ्यांस गावच्या माळावर किंवा तळ्यावर न्यावे. माळढोक दिसेल अशी आशा दाखवू नये. चंडोल, टिटवी, धाविक, पखुर्डी, खाटीक आणि हिवाळ्यात माळावरून खालून घिरट्या घालणारे भोवत्ये हे पुष्कळ झाले. वहीत तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव, संख्या आणि पक्षी काय करीत होता, अशी सहा घरे आखावीत. नाव ठाऊक नसल्यास वर्णन लिहावे. अंदाजाने नाव लिहू देऊ नये. अंडी दिसल्यास तेथून मुकाट्याने परतावे व ती जागा कोणास सांगू नये. माळावर एखादा मेंढपाळ भेटल्यास त्याला अवश्य विचारावे. पुस्तकात नसलेली माहिती त्याच्यापाशी असते.

वर्गात परतल्यावर ग्रामसभेचा संवाद घ्यावा. एकाने शेतकरी, एकाने मेंढपाळ, एकाने वनरक्षक व एकाने पक्षिनिरीक्षक व्हावे. प्रत्येकाने प्रथम दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे व मगच स्वतःचे मांडावे. कोण जिंकले, हे शिक्षकांनी जाहीर करू नये.

जैसलमेर भागात २०१९ पासून माळढोकाची अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढविण्याचे काम चालू आहे. ती पिल्ले आज ना उद्या मोकळी सोडावयाची, तर त्यांना माळ हवा आणि त्या माळाभोवती त्यांचा राग न करणारी माणसे हवीत. त्यांपैकी पहिले काम शासनाचे असले, तरी दुसऱ्याचा आरंभ शाळेत होऊ शकतो.

स्वाध्याय

१. ८,४९६ पैकी १,२२२ चौरस किलोमीटर म्हणजे शेकडा किती?
२. ज्वारीचे शेत व उसाचा फड यांत माळढोकाच्या दृष्टीने कोणता फरक आहे?
३. गवताळ माळास 'पडीक' म्हणणे योग्य आहे काय? कारणे द्या.
४. गावातील वृद्धांस विचारून, पूर्वी दिसणारे व आता न दिसणारे पक्षी यांची यादी करा. ते दिसेनासे होण्याची त्यांनी सांगितलेली कारणे त्यांच्याच शब्दांत लिहा.