कार्ल स्प्रेंगेल व पिकांच्या पोषणाचा नियम

खतांचा विषय निघाला कीं लीबिग ह्या जर्मन पंडिताचें नांव ऐकूं येतें. परंतु त्याच्या नांवानें चालणारा नियम त्याच्या ग्रंथापूर्वीं बारा वर्षें कार्ल स्प्रेंगेल ह्यानें मांडिला होता. हें नांव आमच्या शेतकरी बंधूंस बहुधा अपरिचित असावें. म्हणून त्याचें अल्प चरित्र येथें देत आहों.

स्प्रेंगेलचा जन्म १७८७ सालीं हानोव्हरनजीक शिलर्सलागे गांवीं झाला. पंधराव्या वर्षीं तो आल्ब्रेख्त थेअर ह्या नामांकित कृषिगुरूपाशीं शिकावयास राहिला. पुढें कित्येक वर्षें त्यानें मोठ्या जमीनदारांच्या शेतीचा कारभार पाहिला, आणि तिशी उलटल्यावर ग्योटिंगेन येथें रसायनशास्त्राचा अभ्यास आरंभिला. आधीं शेत व मग पुस्तक, हा क्रम आम्हांस तरी पसंत आहे.

थेअरचें मत असें कीं, पिकें जमिनींतील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यावर, म्हणजे ह्यूमसवर, पोसतात. स्प्रेंगेलनें ह्यूमसमधील पाण्यांत विरघळणाऱ्या भागाचें पृथक्करण केलें, तों त्यांत नायट्रेट, सल्फेट, फॉस्फेट इत्यादि क्षार सांपडले. पिकांचें खरें अन्न हे क्षार होत, असें त्यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलें. गुरु हयात असतां त्यांचें मत खोडणें ही लहान गोष्ट नव्हे!

१८२८ सालीं त्यानें पुढील नियम सांगितला. जमीन इतर सर्व बाबतींत उत्तम असली, तरी पिकास अवश्य असें एकच द्रव्य तींत नसेल तर ती निष्फळ ठरते. गाडीचीं चाकें व बैल धडधाकट असून आंस मोडका असला, तर माल बाजारांत पोंचत नाहीं. तेव्हां जें मुबलक आहे तेंच आणखी घालण्यांत पैसा व्यर्थ जातो. उणें काय तें शोधलें पाहिजे. आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला. तेथील जुन्या प्रतबंदींत जमिनीचा रंग, पोत व खोली नोंदलेली आढळे. पण काळ्या, खोल जमिनींतही एखादें द्रव्य उणें असूं शकतें, आणि तें डोळ्यांस दिसत नाहीं.

१८३१ त तो ब्राउनश्वाइग येथें अध्यापक झाला. जमिनीवर व खतांवर त्यानें स्वतंत्र ग्रंथ लिहिले, आणि १८४२ त पोमेरानियांतील रेगेनवाल्डे गांवीं कृषिविद्यालय काढलें. तेथेंच १८५९ सालीं त्याचा अंत झाला. लीबिगचा ग्रंथ १८४० त निघाला होता. त्याच्या लेखणीस धार फार, म्हणून नियम त्याचाच मानला गेला. अखेर १९५५ सालीं जर्मनींतील कृषिप्रयोगशाळांच्या संघानें दोघांचीं नांवें जोडून एक पदक सुरू केलें, व त्यांत स्प्रेंगेलचें नांव पहिलें घातलें.