मॉनिटर जळाला, रायटर शाबूत

प्रश्न : लोहाऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं शूटिंग आम्ही पेनड्राइव्हवर देतो, तरी काही जण अजून डीव्हीडीच मागतात. नव्या लॅपटॉपला रायटर नाही. जुन्या कॉम्प्युटरचा रायटर चांगला आहे, पण मॉनिटर जळाला. मॉनिटर न घेता त्यावर डीव्हीडी राइट करता येतील का?
– एक वाचक

उत्तर : येतील. रायटरचं पडद्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला हवा असतो न थांबता येणारा डेटा आणि स्थिर वीज. पडदा लागतो तो आपल्याला, काम कुठवर आलं ते बघायला.

पहिल्या दिवशी मात्र पडदा लागेलच. त्यासाठी घरातला टीव्ही चालतो. बऱ्याच टीव्हींना मागे कॉम्प्युटरची जुनी निळी पिन लागते. तेवढ्यात तीन कामं उरकून घ्या. बायोसमध्ये जाऊन ‘कीबोर्ड नसला तरी थांबू नको’ अशी सेटिंग करा, नाहीतर जुनी मशीन सुरू होतानाच अडून बसते. तिथंच लाइट परत आली की मशीन आपोआप चालू होण्याची सोय असते, तीही लावा. मग डेबियनसारखं फुकट मिळणारं लिनक्स टाकून एसएसएच चालू करा. एसएसएच म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, कुलूपबंद वाटेनं, लेखी हुकूम पाठवण्याची पद्धत. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कमधून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्या टाटू यलोनन यांनी 1995 मध्ये ती तयार केली. एवढं झालं की टीव्ही काढून घरच्यांना परत द्या.

के3बी, ब्रसेरो हे बटणं दाबायचे प्रोग्रॅम इथं विसरा. एक्सऑरिसो घ्या. तो लेखी हुकमावर चालतो आणि सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे तिन्ही लिहितो. तुमचं युजरनेम ‘सीडीरॉम’ गटात घातलेलं असावं, नाहीतर ड्राइव्ह समोर असूनही परवानगी मिळत नाही. ज्यांना डीव्हीडी प्लेअरवर बघायची आहे त्यांच्यासाठी नुसती फाइल कॉपी करून भागत नाही. लॅपटॉपवर व्हिडिओ डीव्हीडीची पूर्ण इमेज, म्हणजे सबंध डिस्कची एकच फाइल, तयार करा आणि तीच जुन्या मशीनच्या हार्ड डिस्कवर पाठवा.

हार्ड डिस्कवरच, हे मुद्दाम सांगतो. 8 एक्स वेगानं लिहिताना रायटर सेकंदाला सुमारे 11 एमबी ओढतो. 100 एमबीपीएसची केबल पुऱ्या जोरात चालली तरी 12.5 एमबीच्या वर जात नाही, आणि वायफायचा तर भरवसाच नाही. पूर्वी डेटा क्षणभर अडला की डिस्क थेट कचऱ्यात जायची. 2000 च्या सुमारास सान्योनं बर्न-प्रूफ आणलं. त्यात लेझर थांबतो आणि सोडल्या जागेवरून पुन्हा लिहायला लागतो. आताच्या रायटरांत अशी सोय असतेच. पण ती डेटा अडण्यापुरती. लाइट गेली तर तिचा काही उपयोग नाही. तिथं यूपीएसच लागतो, आणि तो जुन्या मशीनलाच लावा. लॅपटॉपची बॅटरी इथं कामाची नाही.

बहुतेक लोक फसतात ते पुढच्या गोष्टीत. एसएसएचमधून सुरू केलेला प्रोग्रॅम त्या जोडणीला बांधलेला असतो. डीव्हीडी अर्धी झाली, तुम्ही लॅपटॉप मिटून गिऱ्हाइकाकडं गेलात, जोडणी तुटली, की लिहिणारा प्रोग्रॅमही मध्येच मरू शकतो. मग नाव रायटरचं निघतं! म्हणून आधी टीमक्स सुरू करा आणि हुकूम त्याच्या आत द्या. टीमक्स जुन्या मशीनवरच राहतो. जोडणी गेली तरी आतलं काम चालू राहतं, आणि संध्याकाळी पुन्हा जोडून बघितलं तर सगळा मजकूर तिथंच सापडतो.

आता पडद्याशिवाय काम झालं की नाही हे कळायचं कसं? ट्रे बाहेर येतो त्यावरून. हुकमांची साखळी अशी लावा : आधी लिही, मग लिहिलेलं परत वाचून मूळ इमेजशी ताडून बघ, जुळलं तरच ट्रे उघड. आठ-दहा मिनिटं लिहायला आणि साधारण तेवढीच तपासायला. उघडा ट्रे दिसला की डिस्क काढा, नवी कोरी ठेवा. अर्ध्या तासानंतरही ट्रे बंदच असेल तर काहीतरी बिघडलंय, लॉग वाचा. माझ्या मते हे टक्केवारीच्या पट्टीपेक्षा बरं, कारण लिहून 100 टक्के झालं म्हणजे डिस्क वाचता येईलच असं नाही. एवढंच, की लॅपटॉपछाप सडपातळ ड्राइव्हचा ट्रे हुकमानं बाहेर येतो, आत मात्र हातानंच ढकलावा लागतो.

विंडोजच ठेवायचं असेल तर रिमोट डेस्कटॉप आहे, पण होम आवृत्तीत बाहेरून आत येता येत नाही, प्रो लागते. तिथं जोडणी नुसती तुटली तर काम चालू राहतं, लॉग आउट केलं तर बंद.

एक जादा सूचना, कारण स्टुडिओवाल्यांकडं असंही काम येतं. डिस्क कोर्टात द्यायची असेल तर 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात हॅश, म्हणजे फाइलचा अंकाक्षरी ठसा, लिहायची जागा आहे. लेखी हुकमानं काम करताना एसएचए-256 हॅश एका ओळीत निघतो. तो लॉगमध्येच उतरवून ठेवा आणि इमेज लगेच पुसू नका.