वहीला संपादक हवा, पण कोणता?

संपादक म्हटले की आपल्याला वर्तमानपत्राचा संपादक आठवतो, नाहीतर ह्याच वार्षिकासाठी आपल्यामागे लेखाचा तगादा लावणारे प्राध्यापक. पुस्तकाच्या हस्तलिखितालाही संपादक लागतो आणि त्याचे प्रकार असतात, हे मला एक वही बिघडल्यावर कळले.

वही माझ्या आजीच्या ओव्यांची. आजी साक्री तालुक्यातली, बोलणे अहिराणी. तिने सांगावे आणि मी लिहून घ्यावे, असे दोन उन्हाळे चालले. ती गेल्यावर ह्याचे पुस्तक करावे असे मनात आले, आणि भाषा तपासण्यात नाव असलेल्या एका गृहस्थांकडे मी वही नेऊन दिली. नक्कल न ठेवता! काम वेळेत झाले. पण 'मनी माय'ची 'माझी आई' झाली होती; एके ठिकाणी तर 'मनी' म्हणजे 'मनात' असे समजून ओवीचा अर्थच फिरला होता. 'आंडेर' म्हणजे मुलगी. तिच्यावर काट आणि पुढे प्रश्नचिन्ह. 'जुनी'शी जुळणारे 'तुनी' जाऊन 'तुझी' आले, यमक गेले. काही ठिकाणी शाई इतकी गडद की खालचे अक्षर लागत नाही. आणि विचारायला आजी नाही.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. माझा निबंध त्यांनी असाच तपासला असता तर तो सुधारलाच असता. चूक निवडीची, म्हणजे माझी.

'संपादक' ह्या एका शब्दाखाली आपण निरनिराळी माणसे कोंबतो. शुद्धलेखन पाहणारा वेगळा, छापखान्यातून आलेली मुद्रिते वाचणारा मुद्रितशोधक वेगळा. कथा-कादंबरीचा घाट बसत नसेल तर लेखकाशी चर्चा करून त्याच्याकडूनच पुनर्लेखन करवून घेणारा आणखी वेगळा; 'मौज'चे श्री. पु. भागवत आणि 1982 साली बंद पडलेल्या 'सत्यकथे'चे राम पटवर्धन ह्यांची ख्याती अशा कामाची. पण त्याला लेखक समोर हयात लागतो.

लेखक हयात नसेल, किंवा मजकूर तोंडोतोंडी आलेला असेल, तर पाठ जपणारा संपादक हवा. ही परंपरा जुनी आहे. 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. आपल्या खानदेशात तर तिचे घरच आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी 1905 साली दासबोध छापला तो डोमगाव मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढणारे राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुना कागद सुधारायचा नसतो, वाचायचा असतो, हे ह्या मंडळींनी कृतीने दाखविले.

बहिणाबाईंचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. गाणी लिहून घेतली ती मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ह्यांनी. 1951 च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. सोपानदेव स्वतः नामवंत कवी. आईच्या बोलीला पुस्तकी मराठीचा पदर लावणे त्यांना काय अवघड होते? त्यांनी तो लावला असता तर त्या गाण्यांचा खानदेशी ठसका आपल्यापर्यंत आलाच नसता. अत्र्यांसारख्या लेखणीच्या धन्यानेही त्यांचे कौतुक केले ते त्यांच्या बोलीसकट.

हे सारे वाचल्यावर मी दुसऱ्या माणसाचा शोध घेतला. अहिराणी घरात बोलणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. वही पुढे केली तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "बेटा, ह्या ओव्या म्हणणारं अजून कोणी गावात आहे का?" एवढेच विचारले. माझी धाकटी आजी होती.

आम्ही दोन रविवार तिच्या ओट्यावर बसलो. काट मारलेल्या बहुतेक ओळी तिने न अडखळता म्हटल्या. दोन ओव्या तिला वेगळ्या आठवतात. त्यांचे दोन्ही पाठ आम्ही उतरवून घेतले आहेत आणि दोन्ही छापणार आहोत. एका ओवीचा शेवटचा शब्द मात्र तिलाही येत नाही. तेथे सरांनी कोरी जागा ठेवायला सांगितली आहे.