देव्हारा नसलेल्या घरातली मुलगी

प्रश्न : आम्ही दोघंही देव मानत नाही. घरात देव्हारा नाही, उपास नाहीत. गेल्या आठवड्यात आमच्या सात वर्षांच्या मुलीने शेजारच्या मैत्रिणीला ऐकवलं, ‘देवबिव काही नसतं, तुझी मम्मी खोटं सांगते.’ तेव्हापासून त्या घराशी अबोला आहे. इकडे धुळ्याच्या सासूबाई म्हणतात, धाकट्याचं जाऊळ एकविरेलाच झालं पाहिजे आणि श्रावणात कानबाईला सगळ्यांनी यायचं. आम्ही आमचा हट्ट मुलांवर लादतोय का? दुसऱ्या आईबापांच्या पद्धतीचा मान ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि शाळेच्या अर्जात धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?
– एक आई, जळगाव

उत्तर : आधी शेजारचं घर. तुमची लेक जे बोलली त्याचे दोन भाग आहेत. ‘देव नसतो’ हे तिने घरी ऐकलेलं मत आहे, ते तिने बोलावं. ‘तुझी मम्मी खोटं सांगते’ हा मात्र एका बाईवर केलेला आरोप आहे, आणि तो चूक आहे. ती बाई खोटं सांगत नाही, तिला खरं वाटतं तेच ती सांगते. सात वर्षांच्या मुलीला हा फरक कळतो. ‘आमच्याकडे मानत नाहीत, तुमच्याकडे मानतात’ एवढं वाक्य तिला द्या. आणि शेजारी तुम्ही स्वतः जा, मुलीला माफी मागायला पुढे ढकलू नका. ते शब्द तिने कुठून उचलले, हे तुम्हालाही ठाऊक असेल. जेवताना आपण भाविकांची टर उडवतो, ती मुलं कान देऊन ऐकत असतात.

आता हट्टाचं. सात वर्षांचं मूल नास्तिक नसतं, तसं ते भाविकही नसतं. ते आईबापांचं ऐकत असतं. त्यामुळे ‘आमची मुलगी नास्तिक आहे’ असं कौतुकाने सांगणारे पालक आणि तान्ह्याच्या नावाने नवस बोलणारी आजी यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. घरात पूजा न करणं हा तुमचा अधिकार आहे आणि त्याबद्दल कुणापुढे ओशाळायचं कारण नाही. उद्या मुलगी मैत्रिणीबरोबर आरतीला उभी राहिली तर तिला राहू द्या. पुढे तिला ते पटलं, तर तेही तुम्हाला चालवून घ्यावं लागेल. आपल्याकडच्या अनेक पुरोगामी घरांची परीक्षा इथेच होते, आणि बरीच नापास होतात.

याबाबतीत जोतीराव फुल्यांच्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही. त्यांच्या निधनानंतर 1891 मध्ये छापून आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. त्यात आईला बौद्ध धर्म पटला तर तिने तो घ्यावा, बापाने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्मी व्हावं आणि चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली राहावं. पुरोहितशाहीवर एवढा कडाडून तुटून पडणारा हा माणूस, पण घरात कुणावर काही लादायला तयार नव्हता.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण सेवाग्रामचं आहे. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, पक्के नास्तिक. 1940 मध्ये त्यांनी नास्तिक केंद्र काढलं. त्यांच्या मुलीचं लग्न अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुणाशी ठरलं, तेव्हा गांधींनी ते आश्रमात लावायचं कबूल केलं. उठता-बसता रामनाम घेणारे गांधी, पण विधीत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायला ते राजी झाले. पुढे त्यांची हत्या झाली, तरी 1948 च्या मार्चमध्ये ते लग्न सेवाग्रामलाच लागलं. मान ठेवायचा तो एकट्या नास्तिकानेच, असं नाही.

सासूबाईंकडे वळतो. आपल्या खान्देशात देवापेक्षा भाऊबंदकी मोठी, असं मी म्हटलं तर काही वाचक रागावतील, पण कानबाई बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, रात्रभर बाया अहिराणीत गाणी म्हणतात, सोमवारी सकाळी तिला नदीवर वाजतगाजत नेतात. सुरतेला, पुण्याला पोटासाठी गेलेले भाऊ त्या एका दिवसासाठी गावी येतात, रोट एकत्र खातात. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, त्यातही देवाचा वाटा थोडा आणि माणसांचाच जास्त. मुलांना यातून वगळलंत तर त्यांच्या वाट्याचे काका, आत्या, चुलत भावंडं आणि अहिराणी हे सगळंच तुम्ही काढून घ्याल. तेव्हा जा. पूजेला बसू नका, चुलीपाशी बसा. तिथे हात कमीच पडत असतात.

जावळाला तर मी हरकतही घेणार नाही. केस परत येतात. पांझरेकाठी आजीच्या मांडीवर नातवाचे केस निघाले म्हणून तो भाविक होत नाही. फक्त सासूबाईंना आधी स्पष्ट सांगा की पोराच्या नावाने पुढचा नवस बोलायचा नाही, कारण तो फेडायची वेळ त्याच्यावर येईल.

धर्म न पाळणाऱ्या घरातलं मूल धर्माबद्दल अडाणीही राहू नये. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि अंमळनेरच्या शाळेत शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कवितेतून देव वेगळा काढता येत नाही. मुक्ताबाईची समाधी तर आपल्या जिल्ह्यातल्याच मुक्ताईनगरला. हे ठाऊक नसलेल्या पोराला मराठी अर्धीच कळेल. ईदचा शीरखुर्मा आणि 14 एप्रिलची मिरवणूकही त्याच पंगतीत धरा.

मान ठेवायलाही हद्द आहे. शेजारची पूजा, उपास, वारी यांत तुम्ही बोलायचं नाही. पण साप चावलेल्या मुलाला दवाखान्यात न नेता मांत्रिकाकडे चालवलं असेल, तर ‘त्यांची श्रद्धा’ म्हणून गप्प बसायचं नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने नेमकी हीच रेघ ओढली आहे. सर्प, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, तर प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना तो कायदा हात लावत नाही.

शाळेचं म्हणाल तर संविधानाचं कलम 28 तुमच्या बाजूने आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मात्र सरस्वतीच्या तसबिरीला हार घातला म्हणून लगेच मुख्याध्यापकांना कलम दाखवायला जाऊ नका. मुलीला तिथे अडचण होतेय का, हे आधी तिलाच विचारा.

अर्जातला धर्माचा रकाना कोरा ठेवा किंवा ‘नाही’ लिहा. कुठल्याही अर्जात धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही आणि ‘मला धर्म नाही’ असं म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं आहे. जातीचा रकाना वेगळा. अनुसूचित जातीचा दर्जा 1950 च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो, अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता हे पत्रात लिहिलेलं नाही. मुलांना पुढे दाखला लागणार असेल तर तहसील कचेरीत आधी चौकशी करा आणि मगच लिहा. शाळेच्या रजिस्टरमधली नोंद नंतर बदलून घेताना चपला झिजतात.