कडबाकुट्टीत बोट गेले तर


लागणीविषयी नेहमीच लिहितो. आज वेगळा विषय. विजेवरच्या कडबाकुट्टीत किंवा ट्रॅक्टरवर काम करताना सालगड्याला इजा झाली, तर भरपाई मालकाने, म्हणजे आपणच द्यायची. १९२३ च्या कायद्यातली ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अंगठा गेला, तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरतात. "दवाखान्याचे बिल भरले, कागदावर अंगठा घेतला, मिटले," असे पुष्कळजण म्हणतात. मिटत नाही! बिल वेगळे, भरपाई वेगळी. आणि हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. गडी गरीब असेल तर तालुका विधी सेवा समिती त्याला फुकट वकील देते. अर्ज तालुक्याच्या कोर्टातच करायचा. तो आपल्याविरुद्ध असला तरी त्याला वाट दाखवा.