गंगा तलाव आणि सुट्ट्यांचा हिशेब



काशीत दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालू लागले की अहिल्याबाई घाट लागतो आणि त्याला लागूनच मुन्शी घाट. नागपूर संस्थानाचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधला. गेल्या हिवाळ्यात त्याच्याच पायऱ्यांवर बसून मी मॉरिशसमधल्या सणांवरचा एक लेख मराठीत आणत होते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. अनुवाद सेवा म्हणून करते, त्यामुळे एखादा शब्द अडला की फार अडतो. 'गंगा तलाव' आला तिथे मी समजुतीसाठी 'गंगेची प्रतिकृती' असे लिहिले होते. आमच्या धर्मशाळेत मॉरिशसहून आलेली काही मराठी मंडळी उतरली होती. त्यांच्यातल्या एका आजींना मी ते वाक्य वाचून दाखवले.

"प्रतिकृती नको लिहू, बाळा," आजी म्हणाल्या. "आम्ही गंगाच म्हणतो."

हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. 1834 पासून ऊसमळ्यांवर राबण्यासाठी गिरमिटिया मजूर मॉरिशसला जाऊ लागले. बहुतेक भोजपुरी मुलखातले होते; तमिळ आणि तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसेही होती. परत येणे थोड्यांनाच जमले. मग गंगास्नान कुठे करायचे? 1897 मध्ये झुम्मन गिरी या पुजाऱ्यांना स्वप्नात डोंगरातला एक तलाव गंगेशी जोडलेला दिसला, असे तिथे सांगतात. पुढच्याच वर्षापासून महाशिवरात्रीला लोक तिथे पायी जाऊ लागले. 1972 मध्ये गोमुखाहून आणलेले गंगाजल त्या पाण्यात मिसळण्यात आले. आजही लाखो भाविक खांद्यावर कावड घेऊन तिकडे चालत जातात.

आपल्या मराठी माणसांचा सण अर्थातच गणपतीचा. 1896 साली हेन्रिएटा गावात एका मराठी कुटुंबाने तिथला पहिला गणेशोत्सव केला. टिळकांनी पुण्यात उत्सव सार्वजनिक केल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती! कोकणातला जाखडी नाच तिथे अजून नाचतात. पुष्कळ घरांत रोजचे बोलणे क्रिओल भाषेत असते, पण आरती मराठीतच होते.

आता माझ्या शाखेला शोभेल असा हिशेब. देशाची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. त्यांत निम्म्याच्या आसपास हिंदू, जवळजवळ एक तृतीयांश ख्रिस्ती, सहाव्या हिश्श्याइतके मुसलमान, थोडे चिनी. सार्वजनिक सुट्ट्या मात्र वर्षाला पंधराच्या घरात. त्यांतली तमिळांना कावडी, तेलुगूंना उगादी, मराठ्यांना गणेश चतुर्थी, चिन्यांना त्यांचे नववर्ष, मुसलमानांना ईद. कॅथलिकांचे स्वर्गारोहण आणि सर्व संतांचा दिवस हे दोन सण एकच सुट्टी आलटून पालटून घेतात, एका वर्षी हा, पुढच्या वर्षी तो. मला हे फार आवडले. कुणाचेच सगळे सण यादीत नाहीत आणि कुणाची पाटी कोरी नाही.

हे आपोआप झाले असे कृपया समजू नका. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला, त्याच्या जेमतेम दोन महिने आधी पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांत दंगली होऊन आणीबाणी पुकारावी लागली होती. त्याच शहरात सांत-क्र्वा येथे फादर लावाल यांची समाधी आहे. मुक्त झालेल्या गुलामांमध्ये काम केलेल्या या धर्मगुरूंचे 9 सप्टेंबर 1864 ला निधन झाले. दर वर्षी त्या रात्री ख्रिस्त्यांबरोबर हिंदू आणि मुसलमानही तिथे चालत येतात. शिवरात्रीला पायी चालायची सवय असलेल्यांना ही वाट परकी वाटत नसावी, असे मला वाटते.

इथे थोडे थांबून स्वतःकडे पाहू या. सुट्ट्या आपल्या दिनदर्शिकेतही सगळ्यांच्या आहेत. मागच्या ईदला मी दुपारपर्यंत झोपले आणि मग हिशेबाच्या पेपरचा अभ्यास केला. खालच्या मजल्यावरून शीरखुर्म्याचा डबा आला, तो आईने घेतला. त्यांच्याकडे त्या दिवशी सकाळी काय काय होते, हे मी आजवर विचारलेले नाही. तुम्ही मागच्या नाताळात काय केले? वहीत एका ओळीत लिहून पाहा. ज्या घराचा सण होता त्या घरात गेला होता का, आणि गेला असाल तर काय विचारले, तेही लिहा.

निघायच्या दिवशी पहाटे आजी पुन्हा घाटावर भेटल्या. स्नान आटोपून त्या रिकाम्या हातांनी पायऱ्या चढत होत्या. "आजी, गंगाजल नाही घेतलंत?" मी विचारले.

"तलावात आहे की," असे म्हणून त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली, कारण वरच्या पायऱ्या उंच आहेत.